अधिक-उणे तीन

वीस हर्ट्झ ते वीस हजार,
असं छापलेलं असतं प्रत्येक खोक्यावर,
आणि गिऱ्हाईक ते वाचतं
सांगून आलेल्या स्थळाची माहिती वाचावी तसं:
उंची, वर्ण, पगार.
मी विचारतो, किती डेसिबलच्या आत?
अधिक-उणे तीन, की अधिक-उणे दहा?
ते लिहिलं नसेल तर हा आकडा
म्हणजे नुसती गावाची वेस;
आत रस्ते आहेत की खड्डे, कोण सांगणार.

पोलंडातल्या वूच शहरात, ट्रामच्या फाट्याजवळ,
माझं दुकान चोवीस वर्षांचं.
नोव्हेंबरात एक बाई आल्या, गेनोवेफा श्चेपान्याक,
वय ऐंशीच्या पुढे, ओल्या कोटाला लोकरीचा वास,
हातात चार घड्यांचा कागद.
उघडला, तर त्यांच्याच कानांचा आलेख,
दवाखान्याच्या शिक्क्यासकट:
डावीकडून बरी सपाट चाललेली रेघ
चार हजारांशी येऊन
विहिरीत पडावी तशी खाली.

"गिरणीने नेलं तेवढं," त्या म्हणाल्या.
"एकतीस वर्षं, मागांच्या चौथ्या ओळीत.
माझा कागद मी दाखवला.
आता तुमचा दाखवा."

काउंटरवर दोन आलेख शेजारी शेजारी,
एक स्पीकरचा, एक बाईचा,
आणि खरं सांगायचं तर
बाईचा अधिक प्रामाणिक.
त्यातली रेघ कुणी घासून गुळगुळीत केली नव्हती,
मोजणाऱ्याची सही होती, तारीख होती.
आमच्याकडे "दोनशे वॉट", ठळक;
किती क्षण, किती विकृतीसह,
ते तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

ऐकायचं काय, विचारलं.
त्यांनी पर्समधून सीडी काढली.
गिरणी बंद पडली त्या आठवड्यात
झेनोन नावाच्या फिटरने टेप केलेलं साचेखातं:
चारशे माग,
आणि पाळी संपताना एकेक थांबत गेलेले.
"सुनेला वाटतं, मी वाढवून सांगते."

पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
हा स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर, सत्त्याऐंशी.
तीन डेसिबल चढवायचे तर वॉट दुप्पट:
दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस.
खुर्ची जरा लांब, म्हणून थोडं उणं,
खोली लहान, भिंती जवळ, म्हणून थोडं अधिक.
शंभराच्या आसपास पोचलो;
दोनशे वॉट तसेच शिल्लक.
बाई माझ्याबरोबर बोटांच्या पेरांवर मोजत होत्या,
तुटलेले धागे मोजावेत तशा.

मग चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या:
"हे झालं आवाजाचं.
माग थांबल्यावर
तुमचं यंत्र किती गप्प बसतं?"

चोवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
तिसऱ्या पानावर होतं उत्तर, ब्याण्णव;
कशाच्या तुलनेत ब्याण्णव, ते नव्हतं.
मी कागद मिटला, खिडकी लावली,
सीडी सरकवली.

शोकेसची काच थरथरायला लागली.
पार्सलवाला दारातच कान झाकून उभा.
आणि बाई, कोटाची बटणं लावलेल्या,
माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या,
नुसते ओठ, आवाज नाही,
तिथे बोलायचे तसं.
मला कळलं नाही.
मग माग पडत गेले, दहा, शंभर, उरलेले,
शेवटचा एक हट्टी,
आणि त्याच्यामागून, त्या मोकळ्या जागेत,
कुणी बाई खोकली.

"ल्युचिना," त्या म्हणाल्या, "दम्याची."

स्वस्तातली जोडी घेतली, घासाघीस करून.
पावती फाडताना विचारलं, मघाशी काय म्हणालात?

"झेनोनने माइक दाराशी ठेवला होता.
चौथ्या ओळीत याहून जास्त असायचं."

किती जास्त?

त्यांनी पाकीट उलटं केलं, माझं पेन घेतलं,
बत्तीसच्या पुढे
चौसष्ट लिहिलं.